येवल्याच्या रेशमावरचे डाग

१

डाग सकाळी दिसले.

वाल्मिक थेटे यांचं शिर्डीतलं राहतं घर त्यांच्या हॉटेलाला लागूनच आहे. घराच्या पुढच्या बाजूला पाहुण्यांची बैठक, आणि बैठकीच्या मोठ्या खिडकीला मोरपंखी रेशमाचे पडदे. वाल्मिकच्या बायकोनं, चंद्रकलानं, येवल्याला स्वतः उभं राहून ते कापड निवडलं होतं. पडदे लागले त्याच वर्षी ती आजारी पडली आणि गेली. तेव्हापासून घरातलं कोणी त्या पडद्यांना हात लावत नव्हतं. आता लेकीचा, रेश्माचा, साखरपुडा त्याच बैठकीत रविवारी व्हायचा होता. म्हणून पडदे आणि मखमली सोफा साफ करायला राहात्याच्या सरवरी पिंजारीला बोलावलं.

मंगळवारी तिनं काम केलं. बुधवारी सकाळी वाल्मिकनं बैठकीचं दार उघडलं, तर रेशमावर गोल गोल कडा उमटलेल्या. काही बोराएवढ्या, काही रुपयाएवढ्या, सगळीकडे विखुरलेल्या.

दुपारच्या आत वाल्मिकनं हॉटेलवाल्यांच्या मोबाईलच्या ग्रुपवर लिहिलं की, या बाईनं ड्राय क्लीनच्या नावाखाली पाणी मारून माझ्या घरातलं रेशीम नासवलं, हिला कुणी काम देऊ नये. खाली डागांचे फोटो टाकले. सगळे हॉटेलवाले रविवारी साखरपुड्याला येणारच होते. पडदे डोळ्यांनी बघायचे आणि तिथंच काय ते ठरवायचं, असं त्यांचं बोलणं झालं.

संध्याकाळी सरवरीचा बाप इब्राहिम आमच्या ओट्यावर येऊन बसला. आमच्या हवालदारांचा तो जुना दोस्त. मी नवऱ्याला हवालदारच म्हणते. कानिफनाथ म्हस्के निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात अजून जबाब घेतात. इब्राहिमनं चहा घेतला नाही. गाद्या भरायचा त्याचा धंदा बसला तेव्हा या पोरीनं मशीन आणून घर सावरलं होतं. शिर्डीची हॉटेलं सुटली तर राहात्यात असे सोफे आहेत कुणाकडे?

"कानिफ, काम जाईल ते जाईल," इब्राहिम म्हणाला. "पर पोरगी म्हनती, अब्बा, चूक माझीच असंल. तिला तिच्या हाताचा इश्वास राहिला न्हाई. तेवढं बघ."

हवालदारांनी चप्पल पायात सरकवली आणि मला म्हणाले, "चल संगं. मला कमी दिसतं."

जे दिसायला हवं होतं ते पुढं दिवसाढवळ्या आम्हा दोघांसमोर घडलं, आणि दोघांनाही दिसलं नाही.

२

सरवरी मशीनजवळ जमिनीवर बसली होती. धुण्याच्या दगडाएवढं मशीन, त्याला लांब नळी, शेजारी पत्र्याचा डबा. हवालदारांनी आधी तिलाच फैलावर घेतलं. पाणी मारलंस का, खरं सांग, म्हणाले. मी आहे पाठीशी, पण खोटं बोललीस तर मीच पहिला.

तिनं पाणी मारलं नव्हतं. तिच्या बोलण्यावरून मला कळलं ते असं. ड्राय म्हणतात म्हणून ते काम कोरडं नसतं. डब्यात सॉल्व्हंट असतं, पेट्रोलच्या जातीचं. ते कापडावर हलकं फवारायचं, त्यानं तेलकट मळ सुटतो. मग मशीननं ओढून घ्यायचं आणि उरलेलं हवेत उडून जातं. रेशमाला आणि मखमलीला पाणी सोसत नाही. रेशमावर कडा उमटते, मखमलीची लव बसते. म्हणूनच हा सगळा खटाटोप. आधी पडद्याच्या आतल्या दुमडीवर थेंब टाकून बघायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, काडी पेटवू द्यायची नाही. हे सगळं तिनं केलं होतं.

"मग डाग आले कुठनं?" हवालदारांनी विचारलं.

"तेच तर कळत न्हाई, चाचा. डब्यातच कुनी पानी मिसळून इकलं असंल तर? मी वास घेते, पर बघितलं कुठं असतं?"

हवालदारांनी तिला रेशमाची चिंधी आणायला लावली. तिच्या आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा निघाला. त्याच डब्यातलं सॉल्व्हंट त्यावर टाकलं. तिघं वाकून बघत बसलो. ओलसर डाग आपोआप आकसत गेला आणि कापड पहिल्यासारखं झालं. मग हवालदारांनी पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून शेजारी टेकवलं. ते वाळायला वेळ लागला, आणि वाळलं तेव्हा गोल कडा उमटली. फोटोतल्यासारखीच.

"सुटलीस," हवालदार म्हणाले.

सरवरी हसली नाही. "तुमाला दावलं. थेटे शेठला कोन दावनार?"

हवालदारांनी तिथूनच वाल्मिकला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की, डबा बदलला असेल, पाणी तिनं बादलीतून घेतलं असेल, आणि म्हस्के, तुम्ही तिच्या बापाचे दोस्त आहात हे सगळ्या राहात्याला माहीत आहे. पडदे बघायचे असतील तर या, पण साखरपुड्याच्या घरात आवाज चढवू नका.

हवालदारांनी फोन खिशात टाकला आणि चप्पल शोधायला लागले.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट्यांच्या बैठकीत उभे होतो. सॉल्व्हंटचा वास अजून कोपऱ्यात रेंगाळत होता. वाल्मिक दारातच थांबला. पडद्यांकडे न बघता तो म्हणाला, "तिनं निवडलेलं एवढंच राहिलं होतं घरात." मग हॉटेलात निघून गेला.

पडदे दोन्ही बाजूंना सारून गोंड्यांनी बांधलेले होते. हवालदारांनी चष्मा चढवून एक एक चुणी बोटानं उघडली. बाहेर आलेल्या प्रत्येक चुणीवर डाग होते. दोन चुण्यांच्या आत, जिथं कापड लपतं तिथं, एकही नव्हता.

"म्हंजे पडदे बांधल्यावर पानी पडलं," ते म्हणाले. "पसरलेले असताना पडलं असतं तर आतबी डाग दिसले असते."

वर, दांडीजवळ, रेशीम स्वच्छ होतं. डाग माझ्या खांद्याच्या उंचीपासून सुरू होत होते आणि खाली विरळ होत जात होते. म्हणजे एसी गळला, छत गळलं, हे सगळं बाद. खिडकीला बाहेरून जाळी आणि पलीकडं भिंत, त्यामुळं बाहेरून कुणी काही फेकलं हेही बाद. मग हवालदारांनी सोफ्यावर हात फिरवला. मखमलीवरही ठिपके होते, लव बसलेले, पण रंग गडद म्हणून कुणाच्या लक्षात आले नव्हते. ते आतल्या दारापासून खिडकीपर्यंत ओळीनं गेले होते. कुणीतरी घरातून आत आलं होतं आणि चालत खिडकीपाशी गेलं होतं.

सोफ्याच्या फटीत त्यांना एक काळी सुकलेली पत्ती सापडली. चहाची असंल, म्हणाले, आणि तरी चष्म्याच्या डबीत ठेवली. पोलिसाची सवय.

मग झाडलोट करणाऱ्या आरतीला बोलावलं. मंगळवारी सरवरीच्या मदतीला तीच होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. हवालदारांनी विचारलं, सरवरीनं पाणी वापरलं का?

"म्या बघितलं न्हाई. पर सोफा ओला हुता. मी हात लावला, हात ओला झाला. शेठला मी तेच सांगितलं."

मी मनात कपाळावर हात मारून घेतला. आता हिची साक्ष सरवरीच्या विरुद्ध. पण हवालदार पुढं सरकले. ओला हात कशाला पुसलास, म्हणाले. आरती विचारात पडली. पुसलाच नाही, म्हणाली. पदर हातात घेईपर्यंत हात वाळला होता आणि गार गार वाटलं होतं.

"पानी असं वाळतं व्हय?"

"न्हाई वाळत," आरती म्हणाली. "शेठनं तेवढंच इचारलं, ओलं हुतं का. हुतं म्हनले मी."

पडदे सरवरीनं टोकापासून टोकापर्यंत पसरून साफ केले होते आणि नंतर आरतीनंच ते बांधले, हेही तिच्याकडून कळलं. बुधवारी सकाळी टीपॉयच्या काचेवर वाळलेले पांढरे ठिपके होते, ते तिनं नेहमीच्या फडक्यानं पुसून टाकले. सरवरी गेल्यावर बैठकीत पाणी कोणी नेलं का? तिनं सरळ डोळ्यात बघून सांगितलं, कुणी नाही नेलं.

हे सगळं हवालदारांनी वाल्मिकच्या हॉटेलातल्या टेबलासमोर जाऊन मांडलं. वाल्मिक म्हणाला, चुण्यांच्या आत डाग नाहीत याचा अर्थ तिनं आत साफच केलं नाही, वरवर हात मारला. आरतीचं काय, ती तिच्याबरोबर चहा पिते.

हवालदार बाहेर आले आणि हॉटेलच्या कुंडीला त्यांनी पाय मारला. कुंडी जड होती.

४

राहिले घरातले. रेश्मा मंगळवारी रात्री ओवाळणीच्या खरेदीला कोपरगावला मामांकडे होती. नोकर रात्री मागल्या चाळीत झोपतात आणि आतल्या दाराला घरातून कडी असते. म्हणजे वाल्मिक सोडला तर उरले दोघं, वाल्मिकचा धाकटा भाऊ बिभीषण आणि आई मुक्ताबाई.

बिभीषण अंगणात आपल्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. ती बैठक मोडून तिथं जेवणाचा हॉल करावा असं तो दोन वर्षं म्हणत होता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. शिवाय मंगळवारी त्यानं बैठकीत सिगरेट काढली, आणि सरवरीनं ती पेटवू दिली नाही म्हणून त्यांची बाचाबाची झाली होती. हवालदारांचे डोळे चमकले. मी म्हटलं, सापडला.

"हवालदार, पडदे नासले त्याचं मला काडीचं वाईट वाटलं न्हाई," बिभीषण म्हणाला. "म्या केलं असतं तर बादलीनं केलं असतं. असं ठिपके ठिपके कोन करत बसतं?"

त्या रात्री तू बैठकीत गेलास का? नाही, वासानं डोकं धरलं होतं. कुणाला पाणी नेताना बघितलंस? नाही. हवालदारांनी त्याच्या उंचीकडे बघितलं. तो दारात वाकून शिरणारा माणूस. त्यानं हात उडवला असता तर डाग दांडीपर्यंत गेले असते. गाडीचा पुढचा दिवा फुटलेला होता, त्यावरूनही त्याला खोचकपणे विचारून झालं. तो हसला. "नवी हाय. आईनं हार घातला, नारळ फोडला, तीर्थ शिंपडलं. तरी पैल्याच आठवड्यात पुनतांब्याच्या फाट्यावर ट्रॅक्टरला घासली."

हवालदारांना विनोद सहन होत नाहीत. ते आत वळले.

मुक्ताबाई देवघरात होत्या. वय झालेलं, पाठ वाकलेली, उंची माझ्या खांद्याएवढी. पूजा नुकतीच झाली होती. देव्हाऱ्याखाली गोदावरीच्या पाण्याचा कॅन होता, त्यांचं माहेर पुणतांब्याचं, भाचा दर एकादशीला भरून आणतो. मला म्हणाल्या, हात पुढं कर गं. मी ओंजळ केली, त्यांनी पळीभर तीर्थ घातलं, मी प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. हवालदारांनीही तसंच केलं. मग ते खाली मांडी घालून बसले.

"मावशी, मंगळवारी सरवरी गेल्यावर तुमी बैठकीत गेलता का?"

"गेल्ते की. लई वास सुटला हुता. दवाखान्यावानी. मला तिथं थांबवंना, लगीच माघारी आले."

"तिथं पानी कुनी नेलं? तुमी नेलं का?"

"मी पानी कशाला नेऊ? तिथं काय झाडं लावल्यात?"

हवालदार उठले. सरवरी म्हणते पाणी नाही, आरती म्हणते पाणी नाही, बिभीषण म्हणतो नाही, मावशी म्हणतात नाही. आणि रेशमावर पाण्याचे डाग.

बाहेर आल्यावर मी विचारलं, कोण खोटं बोलतंय?

"तीच तर पंचाईत हाय," ते म्हणाले. "कुनीच न्हाई."

५

शुक्रवार नुसता चिडचिडीत गेला. हवालदारांनी भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं, मग मीठ जास्त झालं म्हणून सरकवलं. पन्नास खोटारडे परवडले, म्हणाले, खोट्याला निदान धरायला कोपरा तरी असतो. या घरात सगळे धुतल्या तांदळासारखे, आणि डाग तेवढा सरवरीवर.

दुपारी इब्राहिम येऊन गेला. काही विचारलं नाही. सरवरीनं मशीन विकायला काढलंय, एवढंच सांगितलं, आणि गेला. त्याचं ओट्यावरून उतरणं हवालदार बघत राहिले. रात्री ते न जेवताच झोपले.

शनिवारी सकाळी त्यांना पुणतांब्याला एका जुन्या सहकाऱ्याच्या दहाव्याला जायचं होतं. नदीवर विधी झाले, कावळा लवकर शिवेना, उन्हात तिष्ठत उभं राहावं लागलं. तापून घरी आले. मी दारातच थांबवलं. पायावर पाणी घातलं, आणि देवघरातला गडू आणून त्यात तुळस बुडवून त्यांच्या अंगावर शिंतोडे उडवले. नेहमीचंच. लग्न झाल्यापासून करते.

ते खेकसले. "पाय धुतले न्हवं? आता वर पानी कशाला मारतीस?"

"पानी कुठं मारलं? तीर्थ हाय."

ते चिडून पुढं काहीतरी बोलायला गेले. मग त्यांनी अंगातल्या सदऱ्याकडे बघितलं. छातीवर थेंब पडले होते, खांद्याच्या खाली दाट, पोटाकडे विरळ.

"मी तुला परवा इचारलं असतं," ते सावकाश म्हणाले, "की तू माझ्यावर कधी पानी टाकतीस का, तर काय म्हनली असतीस?"

"न्हाई म्हनले असते. मी कशाला टाकू?"

"व्हय. अन् ते खरंच असतं." त्यांनी चष्म्याची डबी उघडून ती काळी पत्ती माझ्या हातावर ठेवली. "ही बघ. कशाची?"

मी ती चुरगाळून हुंगली. सुकली तरी वास सोडत नाही. "तुळशीची."

"मला चहाची वाटली."

"तुमाला सगळंच चहाचं वाटतं," मी म्हटलं. पण माझ्याच हातात गडू होता. परवा मुक्ताबाईंनी आम्हाला ओंजळीत दिलं होतं. आम्ही ते प्यायलो होतो, डोक्याला पुसलं होतं, आणि लगेच खाली बसून पाणी कोणी नेलं म्हणून विचारलं होतं.

हवालदार चप्पल घालून निघालेही होते. फाटकापाशी थांबून म्हणाले, "इब्राहिमला फोन लाव. मशीन इकू नको म्हनाव."

६

देवघरात या वेळी वाल्मिक होता, बिभीषण होता, कोपरगावहून आलेली रेश्मा होती. हवालदारांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी, मंगळवारी बैठकीत तीर्थ शिंपडलं का?"

"शिंपडलं की," मुक्ताबाई म्हणाल्या. "माघारी येऊन गडू घेतला, अन् दारापसनं खिडकीपतूर. सोफ्यावर, पडद्यावर."

वाल्मिकनं विचारलं, "आई, मग सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं? समदे पानी पानी करीत हुते."

हवालदारांनी एक गोष्ट आडून न विचारता विचारली. सरवरी पिंजाऱ्याची, म्हणून शिंपडलं का? म्हातारीनं त्यांच्याकडे असं बघितलं की, मला वाटलं आता पळी फेकून मारतात.

"इब्राहिमच्या बापानं भरलेल्या गादीवर माझी बाळंतपनं झाली, कानिफ. तुज्या डोस्क्यात काय भरलंय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तो वास. चंद्रकला दवाखान्यात हुती तवा तिच्या खोलीला असाच वास हुता. माझ्या नातीचा साखरपुडा त्या वासात नको म्हनून शिंपडलं. तिच्या आईचं पडदं हायेत ते. त्यांच्यावर जरा जास्तीच शिंपडलं."

रेश्मा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तरी म्हातारीला ते पटत नव्हतं. तीर्थानं डाग पडत नाहीत, म्हणाल्या, डाग आधीचेच असतील. हवालदारांनी वाद घातला नाही. बैठकीत नेऊन पडद्याच्या काठाची, शिवणीतली आतली दुमड त्यांच्यापुढं धरली. मुक्ताबाईंनी तुळस बुडवून स्वतःच्या हातानं दोन थेंब टाकले आणि तिथंच खुर्ची ओढून बसल्या. पंखा फिरत होता. थेंब वाळायला लागले. आधी मधलं कापड कोरडं झालं, मग बाहेरची कड गडद झाली, आणि तशीच राहिली.

त्या बराच वेळ त्या कडेवर बोट फिरवत राहिल्या.

"गोदावरीला दोष देनार न्हाई मी," शेवटी म्हणाल्या. "अन् त्या पोरीलाबी न्हाई. हात माझा हुता."

वाल्मिकनं खिशातून मोबाईल काढला. उद्या घरात एवढे पाहुणे, आईचं नाव कशाला मध्ये आणायचं. ग्रुपवर लिहितो, विषय मिटला, म्हणाला.

"मिटला म्हंजे काय?" मुक्ताबाईंनी विचारलं. "काय मिटलं?"

"म्हणजे आता पुढं कुणी बोलायचं नाही."

"त्या पोरीचं नाव घिऊन लिवलंस तू. अन् आता मिटला म्हनतोस. तिच्यावरचा डाग कसा मिटंल? लोकं म्हनतील, थेट्यांनी मोठ्या मनानं सोडून दिलं." त्यांनी रेश्माकडे हात केला. "त्यात बोलून धाडता येतं न्हवं? धर माझ्या तोंडापुढं."

रेश्मानं बापाकडे बघितलं. बाप खाली बघत होता. तिनं त्याच्याच हातातून मोबाईल घेतला आणि आजीसमोर धरला.

"मी मुक्ताबाई थेटे बोलते," म्हातारी म्हणाली, दुसऱ्या गावाला ऐकू जावं तशी. "आमच्या पडद्यावरचं डाग माझ्या हातानं पडल्यात. मी तीर्थ शिंपडलं हुतं. पिंजाऱ्याच्या सरवरीचा त्यात काय दोष न्हाई. वाल्मिकनं लिवलं ते चूक हाय. उद्या समदे या, जेवायलाच या." मग रेश्माला विचारलं, "गेलं का?"

"गेलं, आजी."

बिभीषण पहिल्यांदाच न हसता म्हणाला, "आता सरवरीला बोलवायला मी जातो."

७

रविवारी सकाळी सरवरी आली, इब्राहिमही आला. ती आल्या आल्या पडद्यांपाशी गेली. वाल्मिक तिच्यासमोर हात जोडून काहीतरी पुटपुटत होता, ते तिनं ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष रेशमाकडं होतं. या कडा पूर्ण जायच्या नाहीत, म्हणाली. रेशमावर पाणी बसलं की बसलं. खोटं कशाला सांगू?

पाहुणे यायला अवकाश होता. वाल्मिक म्हणाला, मग काढून ठेवू पडदे. रेश्मा नको म्हणाली. आईचे आहेत, डागासकट राहू देत.

तेव्हा आरतीनं तोंड उघडलं. "डाग बाहेरच्या चुन्यांवरच हायेत न्हवं? मग बाहेरचं आत करा."

सरवरीनं तिच्याकडं बघितलं आणि लगेच स्टुलावर चढली. पडद्याला वर रिंगा होत्या आणि दांडी त्यांतून एकदा पुढून, एकदा मागून ओवलेली होती. तिनं दोन्ही पडदे उतरवले आणि दांडी उलट बाजूनं ओवली. पुढं येणारं कापड मागं गेलं, मागचं पुढं आलं. पडदे सारून गोंड्यांनी बांधले, तेव्हा खिडकीत नुसता मोरपंखी रंग होता. ज्या चुण्यांनी तिला सोडवलं, त्याच चुण्यांत डाग जाऊन बसले. वाल्मिक पुढं झाला आणि त्यानं पडद्याला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग सरवरीनं सोफ्याच्या मखमलीवरची बसलेली लव उठवायला घेतली. खिडक्या उघड्या टाकल्या, मशीनचा आवाज सुरू झाला, आणि तोच वास सुटला.

आतल्या दारात मुक्ताबाई उभ्या होत्या. हातात गडू, गडूत तुळस. म्हातारीनं सोफ्याकडं बघितलं, पडद्यांकडं बघितलं, आणि उंबऱ्यावर दोन थेंब टाकले. मग त्यांची नजर फिरत फिरत सरवरीच्या मशीनवर आली. पोरीच्या पोटापाण्याची वस्तू, तिला कसं वगळायचं?

"आजी, जरा थांबा," सरवरी म्हणाली. "आधी लाईटची पिन काढू द्या."

"काढ. मला काय घाई न्हाई."

तिनं पिन काढली, आणि म्हातारीनं मशीनच्या पत्र्यावर मनासारखं शिंपडलं. शेजारी हवालदार वाकून मखमल बघत होते. एक थेंब त्यांच्या चष्म्याच्या काचेवर पडला. त्यांनी चष्मा काढला, पण काच पुसली नाही. खिडकीपाशी उजेडात धरून, कडा उमटते का, ते बघत उभे राहिले.